आतून न उघडणारं दार

दोन-अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतं. निदान त्याला तेवढी झोप हवी असते. नव्या घरात ती मिळणं अवघड असतं. कुणी ना कुणी त्याला उचलून घेत असतं, शेजारची मुलं बघायला येतात, कुकरची शिट्टी होते, दाराची बेल वाजते, फरशी पुसायची वेळ होते, आणि दर वेळी मिटत आलेले डोळे पुन्हा उघडतात. संध्याकाळ झाली की तेच पिल्लू पिसाटल्यासारखं सोफ्याभोवती धावत सुटतं, पायांना चावतं, ओढणीला लोंबकळतं. घरातले कधी कौतुकाने, कधी वैतागाने म्हणतात, फार मस्तीखोर आहे. बहुतेक वेळा त्या पिल्लाची झोप हुकलेली असते, एवढंच.

मिरी आमच्या कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आली तेव्हा मला सगळ्यात आधी पडलेला प्रश्न हाच होता, की ही झोपणार कुठे. काय खाणार, लसी कधी टोचायच्या, जंतांचं औषध किती द्यायचं, हेही प्रश्न होतेच, पण त्यांची उत्तरं डॉक्टरांकडे होती. झोपेचं उत्तर घराने द्यायचं होतं. तिचा जन्म आमच्याच भागातल्या एका अर्धवट बांधकामावर झाला होता, जिन्याखाली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर. तिच्या आईने ती जागा निवडताना काय काय पाहिलं असेल याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तीन बाजू बंद, चौथी अरुंद, वर जिन्याचं छप्पर, पावसाचं पाणी आत येत नाही, आणि वॉचमनचं बिऱ्हाड हाकेच्या अंतरावर. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा कित्येक वर्षं अभ्यास करत आले आहेत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की आपल्याकडची मोकळी कुत्री पिल्लं घालायला माणसांपासून दूरची जागा शोधत नाही, उलट माणसांच्या जवळची शोधते. आडोसा हवा आणि माणूसही हवा. मिरीच्या आईला दोन्ही त्या जिन्याखाली मिळालं होतं. आम्हाला ते तिसऱ्या मजल्यावर जमवायचं होतं. त्यासाठी क्रेटचा, म्हणजे कुत्र्याच्या झोपायच्या पिंजऱ्याचा, विचार मी करत होते.

क्रेटची बाजू मांडणारे लोक लांडग्याचं उदाहरण हमखास देतात. कुत्रा हा मुळात बिळातला प्राणी, म्हणून त्याला बंदिस्त जागा आवडतेच, असं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. लांडग्याची मादी पिल्लं घालण्यापुरती बिळात जाते. पिल्लं हिंडू-फिरू लागली की ते बीळ सोडलं जातं आणि मोठे लांडगे एरवी उघड्यावरच झोपतात. शिवाय बिळाला दार नसतं. पिल्लाला वाटलं की ते बाहेर येतं, आईला वाटलं की ती आत जाते. क्रेटला दार असतं, दाराला कडी असते आणि ती बाहेरून लागते. आतला जीव ती कधीच काढू शकत नाही. या एका गोष्टीमुळे क्रेट बिळापेक्षा वेगळी वस्तू ठरते. कडी ज्याच्या हातात, त्याच्यावर सगळा भार येतो.

बाबांना ही कल्पना मुळातच पटली नव्हती. त्यांचं लहानपण आटपाडीकडच्या एका वाडीत गेलं. त्यांनी पाहिलेली कुत्री अंगणात, उंबऱ्याशी, नाहीतर मेंढरांच्या कळपाभोवती झोपलेली. रात्री धनगर जाळीची वाघूर लावून मेंढरं आत घेत आणि कुत्री बाहेर मोकळी राहत. कुत्रं कोंडायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"कुत्र्याला कधी कुणी कोंडतं का गं? चूक काय त्याची?"

मी वाद घातला नाही, कारण त्या प्रश्नात मला चुकीचं काहीच वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरी त्यांच्या खुर्चीखाली, चार पायांच्या मधल्या जागेत अंग चोरून झोपली होती. तिच्याकडे बघता बघता ते आपण होऊन म्हणाले, "आमच्याकडे करडं डाल्याखाली ठेवायचे." शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगते, डालं म्हणजे बांबूच्या कांब्यांची मोठी टोपली. ती पालथी घातली की कोंबड्या किंवा शेळीची नुकती जन्मलेली करडं तिच्याखाली राहतात. वारा लागतो, उजेड दिसतो, पण करडू माती खात नाही, मोठ्या जनावरांच्या पायाखाली येत नाही, कुणी उचलून नेत नाही.

"आणि ओरडायला लागली की?" मी विचारलं.

"ओरडली की आमची आई डालं उचलायची. ती तिथेच असायची ना, चुलीपाशी. डालं झाकून कुणी रानात निघून जात नसे."

या शेवटच्या वाक्याने आमच्या घरातला प्रश्न सुटला. बाबांनी ते सहज म्हटलं होतं, पण क्रेटबद्दल मी जे काही वाचलं आणि ऐकलं त्या सगळ्यात इतकं नेमकं मला काही सापडलं नाही. झाकणारा माणूस जवळ असला तर ते डालं. तो निघून गेला तर त्याच कांब्यांचा तुरुंग होतो.

आपला कायदाही हे जाणतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 सालचा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकातून त्याची सुरुवात झाली. त्याच्या 11व्या कलमात क्रूरता कशाला म्हणायचं याची मोठी यादी आहे. प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या अपुऱ्या पिंजऱ्यात ठेवणं तिच्यात आहे, आखूड किंवा जड साखळीला गैरवाजवी काळ बांधून ठेवणं आहे, आणि एक पोटकलम खास कुत्र्यासाठी आहे: जो कुत्रा नेहमी साखळीला किंवा कोंडून ठेवलेला असतो त्याला पुरेसं फिरवायची हयगय करणारा मालक गुन्हेगार ठरतो. आपल्याकडे क्रेट बघून हळहळणारे बरेच जण आहेत. त्यांची हळहळ खरी असते. पण बंगल्याच्या फाटकाशी जन्मभर हातभर साखळीला बांधलेला कुत्रा रोज येता-जाता दिसतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्या साखळीची आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे. स्वीडनमध्ये तर घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवायलाच नियमाने मनाई आहे, प्रवास आणि स्पर्धेसारखे अपवाद सोडून. तिथे कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं, पिल्लांना त्याहूनही अधिक वेळा. तो नियम वाचल्यावर क्रेट घ्यावा की नाही यावर मी पुन्हा विचार केला. घ्यायचा ठरवला, पण कडी कधी आणि किती वेळ लावायची याचा विचार आधी करून.

दुकानात गेलं की क्रेट तीन प्रकारचे दिसतात. कापडी क्रेट दिसायला छान, उचलायला हलके, आणि दात येणाऱ्या पिल्लासाठी अगदी निरुपयोगी. एका दुपारी त्यांची जाळी फाटते. प्लॅस्टिकचे बंद क्रेट विमानप्रवासाच्या मापांनी बनवलेले असतात. ते मजबूत खरे, पण एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातसुद्धा त्यांच्या आत हवा कोंडते. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पिल्लाला त्यात ठेवायचा विचारही मनात आणू नये. उरतो तो घडी होणारा तारेचा क्रेट, खाली सरकणारा ट्रे असलेला. आपल्या हवेला हाच बरा. वारा चारही बाजूंनी खेळतो, पंख्याची हवा पोचते, सू झाली तर ट्रे ओढून धुता येतो, आणि अंधार हवा असेल तेव्हा वरून जुनी चादर टाकता येते. एक बाजू मात्र उघडी ठेवायची.

मापं इंचांत मिळतात: 24, 30, 36, 42, 48. ही लांबी असते. पूर्ण वाढलेल्या लॅब्रॅडॉरला 42 इंची लागतो, मध्यम आकाराच्या आपल्या देशी कुत्र्याला बहुधा 36 इंची पुरतो. कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे, आणि कुशीवर पाय ताणून झोपता आलं पाहिजे. या तीन गोष्टी ज्यात होत नाहीत तो क्रेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. इथे एक पेच येतो. मोठेपणीचं माप आजच घ्यावं तर पिल्लासाठी ती खोलीच होते. पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही; पण जागा ऐसपैस असली की ते एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला सू करतं, आणि मग सवय लावायच्या कामी क्रेटचा काही उपयोग उरत नाही. यासाठी आत बसवायची तारेची आडभिंत मिळते. पिल्लू वाढेल तशी ती मागे सरकवत न्यायची. क्रेटबरोबर ती आहे का, हे विकत घेतानाच पाहायचं.

दुकानदाराने मला सगळ्यात आधी रंग दाखवले. गुलाबी होता, निळा होता, सोनेरीही होता. मी गजांवरून बोट फिरवत बसले, कारण जोड दिलेल्या जागी बारीक टोकं राहतात आणि ती पिल्लाच्या हिरड्यांना लागतात. दोन गजांमधलं अंतर पाहिलं. पिल्लाचा पंजा किंवा खालचा जबडा अडकेल एवढं ते नको. दार पाच-सहा वेळा लावून उघडून पाहिलं. त्याचा खणखण आवाज फार होत असेल तर पिल्लू दाराला घाबरायला शिकतं. ट्रे ठोकून पाहिला, पातळ पत्र्याचा असला तर पिल्लाने नुसता पाय टाकला तरी वाजतो. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी गंजाकडे जास्त लक्ष द्यावं, दमट हवेत हलका मुलामा एका पावसाळ्यात उडतो. हे सगळं बघताना मला एकच गोष्ट जाणवत होती, की ही वस्तू माझ्यासाठी नाही, आणि जिच्यासाठी आहे तिला मला काहीही सांगता येणार नाही. तिच्या जागी बसून पाहायचं काम माझंच होतं. मी दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसले आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून आत पाहिलं. आतून बाहेर बघताना कसं दिसेल, ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

अंथरायला महागडी गादी घेतली नाही. पिल्लू फोम कुरतडतं आणि गिळतं, आणि ते आतड्यात अडकलं तर शस्त्रक्रियेची वेळ येते. आईच्या जुन्या सुती नऊवारीची गोधडी घरात होती, ती चौपदरी करून घातली. तिच्यात, मिरी ज्या पोत्यांवर जन्मली त्यातल्या एका पोत्याचा तुकडा घडी करून ठेवला. तो धुतला नाही. त्याला तिच्या भावंडांचा वास होता.

क्रेट घरात आल्यावर पहिले काही दिवस त्याचं दार लावायचंच नसतं. उघडं दार सुतळीने गजाला बांधून टाकायचं, म्हणजे वाऱ्याने किंवा धक्क्याने ते तिच्यावर आपटणार नाही. पिल्लू पहिल्यांदा आत जातं त्याच क्षणी मागे खण्ण झालं तर पुढचे कित्येक आठवडे ते विसरत नाही. आम्ही क्रेट बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, जिथून स्वयंपाकघरही दिसतं आणि आम्हीही दिसतो. बाल्कनीत किंवा धुण्याच्या जागेत नाही. एकटं पडलं की तीच जागा शिक्षेची होते. दाराशी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा ठेवला. मग दाराच्या आत, मग गोधडीवर, मग पार मागच्या टोकाला. कुणी ढकलायचं नाही, उचलून आत ठेवायचं नाही, "चल चल" म्हणून घाई करायची नाही. मिरीने पहिल्या दिवशी पुढचे दोन पाय आत टाकले आणि मागचे दोन बाहेरच ठेवले. मान लांब करून तुकडा उचलला आणि मागे सरकली. बाबा पेपर खाली ठेवून बघत होते. ते म्हणाले, "हुशार आहे. परतीची वाट राखून आहे."

मग जेवणाची वाटी तिथे गेली. आधी उंबऱ्यावर, नंतर हळूहळू आत. तिचं पूर्ण अंग आत जाऊन ती निवांत जेवू लागली तेव्हा, ती जेवत असतानाच, दार नुसतं लोटलं आणि ती जेवण संपवायच्या आत उघडलं. या कामाचं मर्म इथे आहे असं मला वाटतं. दार तिने मागायच्या आधी उघडायचं. ते असं पुन्हा पुन्हा घडलं की पिल्लाच्या मनात दाराची भीती तयारच होत नाही, कारण लागलेलं दार उघडतं हे त्याला रोज दिसतं. मग जेवण झाल्यावर अर्धं मिनिट, मग एक-दोन मिनिटं, मी शेजारी बसलेली. मग मी उठून खोलीतच फिरले. मग स्वयंपाकघरात जाऊन आले. एखाद्या दिवशी ती अस्वस्थ झाली तर दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागे जायचं. रबरी पोकळ खेळण्यात बिनफोडणीचा, बिनमिठाचा दहीभात भरून फ्रीजमध्ये गोठवला की तो चाटत ती बराच वेळ गुंग राहायची आणि चाटता चाटता झोपायची. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट मात्र कुत्र्याच्या पोटात जाऊ द्यायचं नाही.

आत सोडताना गळ्यातला पट्टा काढायचा. हे वेगळं सांगते, कारण फार घरांत ते माहीत नसतं. पट्टा गजात अडकून पिल्लाचा गळा आवळला जाऊ शकतो.

रात्रीचा भाग सगळ्यात कठीण. आदल्या रात्रीपर्यंत चार-पाच भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपलेला जीव पहिल्यांदा एकटा असतो. याबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, रडू द्या, दोन-तीन रात्रींत गप्प होईल. गप्प होतं हे खरं आहे. पण ते शांत झालं म्हणून गप्प झालं, की हाक मारून कुणी येत नाही हे कळलं म्हणून, यातला फरक बंद दारापलीकडून ऐकू येत नाही. दीड-दोन किलोच्या जिवाला घरातला पहिला धडा हा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रात्री क्रेट उचलून माझ्या पलंगाशेजारी आणायचा हे आम्ही ठरवलं. ती कुंईकुंई करू लागली की मी हात खाली सोडून दोन बोटं गजांतून आत द्यायची. तिचं ओलं नाक बोटांना टेकायचं, थोडा वेळ श्वास जोरात चालायचा, मग संथ व्हायचा. बहुतेक वेळा एवढंच पुरायचं.

कुंईकुंई दोन प्रकारची असते हे कानाला हळूहळू समजतं. एक नुसती सोबत मागणारी, खालच्या सुरातली, मध्ये मध्ये थांबणारी. दुसरी थांबत नाही, चढत जाते, तिच्याबरोबर आत फिरणं, हुंगणं सुरू होतं. ती ऐकली की उठायचंच. पिल्लाचं मूत्राशय लहान असतं. ठोकताळा असा, की जितके महिने वय तितके तास, त्यात एक मिळवायचा. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही झोपेत. लसी पूर्ण होईपर्यंत खालच्या मातीवर नेणं धोक्याचं, कारण पार्व्हो रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून बाल्कनीत वर्तमानपत्र. मध्यरात्री दिवा न लावता तिला तिथे न्यायचं, झालं की हळू आवाजात शाबासकी द्यायची, पुन्हा आत आणायचं. खेळ नाही, गप्पा नाहीत. माझा नवरा आणि मी रात्र वाटून घेतली होती. पहाटेची पाळी बाबांनी आपण होऊन घेतली, त्यांना तशीही चारला जाग येते.

घरातल्या लेकीसाठी एकच नियम होता आणि तो मोडायची मुभा कुणालाच नव्हती. मिरी आत असली की तिला हात लावायचा नाही. बोलवायचं नाही, आत डोकावायचं नाही, शेपूट ओढायची नाही, मैत्रिणींना दाखवण्यासाठी बाहेर काढायचं नाही. तिने खोडी केली म्हणून तिला आत टाकायचं नाही, हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग. क्रेटचं सगळं मोल मला या नियमात दिसतं. माणसांच्या घरात कुत्र्याची स्वतःची अशी जागा नसते. सोफ्यावरून उठवतात, गादीवरून उतरवतात, स्वयंपाकघरातून हाकलतात, पाहुणे आले की बांधतात. सगळीकडे ते आपल्या परवानगीने असतं. तीन फूट बाय दोन फुटांच्या त्या जागेत मात्र आपण तिच्या परवानगीने असतो. लेकीला हे मोठ्यांपेक्षा लवकर उमगलं. तिने कागदावर "मिरी झोपली आहे" असं लिहून तो क्रेटवर चिकटवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो वाचायला लावू लागली.

काही काळाने सुतळी सोडली तरी दार उघडंच राहू लागलं. दुपारी जेवणं झाली की मिरी आपण होऊन आत जायची, दोनदा गोल फिरायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. संध्याकाळची चावाचावी बंद झाली. तिला शिस्त लावली म्हणून नाही. ती पुरेशी झोपत होती.

पहिल्या दिवाळीत या जागेचा खरा उपयोग कळला. कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री शहरातल्या कुत्र्यांचं काय होतं ते रस्त्यावर पाहवत नाही. आम्ही क्रेट आतल्या खोलीत, खिडकीपासून दूर हलवला, वरून दोन जाड चादरी टाकल्या, पंखा मोठा केला आणि दार उघडं ठेवलं. पहिली माळ वाजली तशी ती धावत आत गेली आणि मागच्या कोपऱ्यात गोधडीखाली तोंड घालून पडली. बाबा रात्रभर जवळच सतरंजी टाकून बसले होते. ती थरथरत होती, पण पळायला जागा शोधत नव्हती. पुढे तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली तेव्हाही तेच. टाके सुकेपर्यंत उड्या मारू द्यायच्या नव्हत्या, आणि ओळखीच्या जागेत पडून राहणं तिला जड गेलं नाही. दवाखान्यातही पिंजऱ्यात ठेवावं लागतं, रेल्वेत गार्डच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते. ज्या कुत्र्याने कधीच बंद जागा पाहिलेली नाही त्याची ओळख अशा भीतीच्या दिवशीच तिच्याशी व्हावी, हे मला त्याच्यावर अन्याय करणारं वाटतं.

तरीही क्रेट प्रत्येक कुत्र्यासाठी नाही. पैदास करणाऱ्यांच्या पिंजऱ्यांत महिनोन्महिने काढून आलेली कुत्री असतात. त्यांच्या अंगात ती कोंडी भिनलेली असते. काही कुत्र्यांना एकटं राहण्याचीच भीती असते, आणि ती गजांनी वाढते. अशी कुत्री गज चावून दात मोडून घेतात, नखं रक्ताळून घेतात. लाळ गळणं, धापा टाकणं, सतत खरवडणं दिसलं की तिथेच थांबावं आणि जाणकाराला दाखवावं. त्यांच्यासाठी दाराला लहान जाळीचं फाटक लावलेली खोली पुरेशी असते. कुत्र्याच्या भीतीपुढे आपला हट्ट चालवू नये.

आणि तास. पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांहून अधिक, मोठ्या कुत्र्याला चारेक तासांहून अधिक कडी लावून ठेवू नये. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला निघून रात्री आठला परतणार आणि मधल्या वेळात पिल्लू क्रेटमध्ये राहणार, असा बेत घेऊन लोक दुकानात येतात, हे मी त्याच दुकानात ऐकलं आहे. सांगताना त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, पिल्लाची हौस होती. त्यांना मी एवढंच सांगेन. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीच्या 2017च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तेव्हा तुम्हाला विचार करायला वेळ आहे. क्रेट निवडायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एका कागदावर दिवसाचे चोवीस तास मांडा आणि प्रत्येक तासासमोर, कडी काढायला घरात कोण असेल, त्याचं नाव लिहा. सलग तीन तासांसमोर नाव पडत नसेल, तर पाळणाघराची, शेजाऱ्यांची, कुत्रं सांभाळणाऱ्याची सोय आधी करा. तीही होत नसेल, तर क्रेट घेऊ नका आणि पिल्लूही आणू नका.